निळ्या तळ्याच्या अलीकडे

"बोल गं बिनधास्त, हिला काय कळणार आहे!"

'ही' म्हणजे मी. त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून मी एका पातेल्याचा करपलेला तळ घासत होते. माझ्या पाठीमागे बाकावर चौघं बसली होती. मंदार, त्याची बायको केतकी, मंदारची आई आणि शिरीष नावाचा त्यांचा मित्र. ही नावं मला कुणी सांगितली नव्हती, त्यांच्या बोलण्यातून आपोआप कळली होती. मघाचं वाक्य शिरीषचं.

"बिल्ल्यावर नाव वाचलंस का? रू," मंदार म्हणाला. "माओरीच असणार."

"फिजी इंडियन असेल," केतकी म्हणाली. "नाक बघ ना."

"नाक तर आपल्या चिपळूणचं आहे," मंदारची आई म्हणाली, आणि मी ते पातेलं उगाचच जास्त जोरात घासायला लागले.

डिसेंबर आला की ऑकलंडमधली पोहुतुकावाची झाडं लाल होतात, आणि मला ते पातेलं आठवतं. खरं म्हणजे ते पातेलं घासलं त्या डोंगरावर पोहुतुकावा नाही. ते किनाऱ्याचं झाड. तिथल्या थंडीत ते तगणार नाही. पण न्यू लिनच्या बसस्टॉपवर त्याचे लाल तंतू पायाखाली पडायला लागले की माझं नाक आपोआप दुसराच वास शोधू लागतं. गंधकाचा, ओल्या लोकरी मोज्यांचा आणि गॅसच्या शेगडीवर उकळणाऱ्या दुसऱ्यांच्या नूडल्सचा. ऑफिसात मी नकाशे तयार करण्याचं काम करते. नकाशावर राष्ट्रीय उद्यानं हिरव्या रंगात भरतात. एका उद्यानाच्या हिरव्यावर कर्सर आला की माझा हात जरा थांबतो. त्या हिरव्यात मी दोन हजार पाच-सहाचा उन्हाळा, म्हणजे इथला डिसेंबर ते फेब्रुवारी, घालवला आहे.

'राष्ट्रीय उद्यान' हा शब्द मला शाळेतल्या मराठीच्या पुस्तकात भेटला होता. इंग्रजी माध्यमाच्या आम्हा मुलींना मराठीचे तास म्हणजे शब्दार्थ पाठ करणं. उद्यान म्हणजे बाग. बाग म्हणजे माझ्या डोक्यात सारसबाग: हिरवळीवर भेळ, फुगे, 'फुले तोडू नयेत' ची पाटी. त्यामुळे वर्गातल्या नकाशावर देशभर विखुरलेली राष्ट्रीय उद्यानं पाहिली की वाटायचं, सरकारने एवढ्या सगळ्या ठिकाणी बाकडी कशी बसवली असतील! पुढे पंधराव्या वर्षी आम्ही न्यूझीलंडला आलो, बाबा हॅमिल्टनजवळ 'ते रापा' इथल्या दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले, आणि पहिल्याच सुट्टीत त्यांनी आम्हाला गाडीत घालून ज्वालामुखींच्या त्या उद्यानात नेलं. तिथे झाडसुद्धा नव्हतं. पिवळं खरबरीत गवत, काळे दगड, आणि आभाळाला टेकलेले तीन डोंगर. आई म्हणाली, "हे उद्यान? इथे बसायचं कुठे?" बाबा म्हणाले, "बसायचं नाही, बघायचं." एवढं बोलून ते पुन्हा गाडीत बसले, कारण वारा फार होता.

युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षी नोटीसबोर्डवर कागद लागला होता. डोंगरातल्या हटवर उन्हाळ्यापुरते मदतनीस हवेत. राहणं-खाणं फुकट, पगार नाही. हट म्हणजे ट्रेकिंग करणाऱ्यांसाठी बांधलेलं लाकडी घर. एक मोठी खोली, भिंतीला लागून फळ्यांच्या बिछान्यांचे दोन मजले, छपराचं पाणी साठवणारी टाकी आणि बाहेर लांबवर संडास.

"म्हणजे डोंगरावर झाडू मारायला?" आई म्हणाली.

"आणि भांडी," मी म्हणाले.

"घरी हात लावत नाहीस भांड्यांना!"

तरी तिने मेतकुटाची बरणी आणि थालीपिठाची भाजणी सॅकमध्ये कोंबली. मला जायचं होतं त्याचं कारण मी तिला सांगितलं नाही. हॅमिल्टनमधल्या मराठी मंडळींनी दर शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं असे. तिथे गेलं की तेच प्रश्न. काय शिकतेस, पुढे काय करणार, एवढी गप्प का, बरं नाही का? मला बरं असायचं. मी नुसती बघत असायचे. पण बघत बसणाऱ्या मुलीला लोक आजारी समजतात. मला अशा जागी जायचं होतं जिथे कुणी ओळखीचं येणार नाही.

हटची मुख्य वॉर्डन अरोहा नावाची माओरी बाई होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, थंडीतही पायात जांडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. तिने माझं नाव विचारलं. "ऋजुता," मी म्हणाले. तिने दोनदा प्रयत्न केला, मग बिल्ल्यावर पेनाने 'रू' लिहिलं आणि म्हणाली, "स्वीट ॲज, झकास. भूकंपाच्या देवाचं नाव आमच्याकडे रूनेच सुरू होतं. लोक जपून वागतील." लोक जपून वागले असं नाही, पण रू झाल्यावर मी फार हलकी झाले. रूला कुणी पुढे काय करणार असं विचारत नव्हतं. रूला विचारायचे, संडास कुठे आहे, आणि सिनेमात दाखवलेला तो डोंगर कुठला. त्या वर्षी दर दुसरा माणूस सिनेमातला डोंगर विचारायचा. मी बोट दाखवायचे. बोट दाखवायला बोलावं लागत नाही.

सकाळी ट्रेकर निघून गेले की हट रिकामी व्हायची. तो दिवसातला सर्वांत मोठा वेळ. मी गाद्या उभ्या करायचे, फरशी झाडायचे, खिडक्या पुसायचे. खिडकीतून खाली जंगलाची काळपट कड दिसायची, त्याखाली एक छोटं सरोवर आणि त्यापलीकडे ताउपो सरोवराचं मोठं पाणी, आभाळ खाली उतरलं असावं तसं. डाव्या अंगाला उतारावरून वाफ निघायची. ते गरम झरे अरोहाच्या लोकांचे. उद्यानात धरलेले नाहीत आणि तिथे जायला परवानगीही नाही. वाफ मात्र सगळ्यांना बघायला मोकळी.

मग सापळे तपासायला जायचं. या बेटांवर मुळात सस्तन प्राणी नव्हतेच, वटवाघळं सोडली तर. त्यामुळे इथले पक्षी निर्धास्त, काही तर उडायचंही विसरलेले. मग जहाजातून माणसं आली आणि बरोबर स्टोट आले, आपल्या मुंगसाच्या चुलतभावासारखे, अंडी फस्त करणारे. म्हणून वाटेच्या कडेला लाकडी पेट्या, पेटीत सापळा आणि आमिष म्हणून कोंबडीचं अंडं. आमच्या घरात अंडं येत नाही. आई केकसुद्धा विचारून घेते. आणि मी रोज खिशात अंडी घेऊन डोंगर चढत होते. पहिल्यांदा अंडं हातात धरलं तेव्हा मी ते इतक्या दूर धरलं होतं की अरोहा म्हणाली, "ते चावत नाही, रू."

पुस्तकात नसलेला या उद्यानाचा इतिहास मी तिच्याकडून ऐकला, बहुतेक भांडी पुसताना. पुस्तकात असं लिहिलेलं असतं: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका माओरी प्रमुखाने ही शिखरं राणीच्या सरकारला भेट दिली, आणि त्यातून देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा जमिनीचे तुकडे पाडून विकायचा सपाटा चालला होता. शिखरांचेही तुकडे पडले असते, त्यावर मेंढ्या चरल्या असत्या. म्हणून.

"भेट म्हणतात," अरोहा म्हणाली. "भेट देणारा भेट देऊन आपल्या घरी जातो. आम्ही कुठे गेलो? इथेच आहोत. संडास साफ करतोय." आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की पत्र्यावर बसलेला पक्षी उडाला. मग फडकं झटकत म्हणाली, "दिलं म्हणजे सोडलं नव्हतं गं. तुम्हीही या, मिळून सांभाळू, असं म्हटलं होतं."

पुढे उद्यानं वाढत गेली. पश्चिमेचा तारानाकी डोंगर, ज्याच्याभोवती जंगलाची सीमा कंपासने काढावी तशी गोल आहे. दक्षिणेकडचे बर्फाचे डोंगर, समुद्रकाठची सोनेरी वाळू, आणि अगदी खालच्या बेटावरचं उद्यान, जे त्या उन्हाळ्यात जेमतेम तीन-चार वर्षांचं होतं. तारानाकी पूर्वी इथेच राहत होता, अरोहा म्हणाली. समोर दिसते ती हिरवी टेकडी, पिहांगा, तिच्यावरून डोंगरांची भांडणं झाली. तारानाकी हरला आणि रात्रीतून पश्चिमेला निघून गेला. "अजून ढग आले की तो इकडे बघून रडतो, असं तिकडचे लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, रडू दे."

तिच्या बोलण्यात डोंगर असे नात्यातले असायचे. शिखरावर जाणाऱ्यांना ती सांगायची, अगदी टोकावर उभं राहू नका, आजोबांच्या डोक्यावर कुणी पाय देतं का? आणखी एक गोष्ट मला आवडली. हटच्या वर दोनेक तासांच्या चढावर एक मोठं निळं तळं आहे. ते त्यांच्यासाठी 'तापू' आहे. इंग्रजी पाट्यांवर या शब्दाचं भाषांतर 'सेक्रेड' असं केलेलं असतं. तिथे खायचं नाही, पाण्यात जायचं नाही, हातही घालायचा नाही. का, असं एका जर्मन मुलाने विचारलं तर अरोहा म्हणाली, "का ते मला माहीत आहे. पण ते सांगायचं नसतं." मुलगा हिरमुसला. मी मात्र खूश झाले. एखादी गोष्ट आपली आहे म्हणून ती सगळ्यांना उघडून दाखवलीच पाहिजे असं नाही, हे इतक्या सहज म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी हट-टॉक असायचा. सगळे बाकांवर बसले की वॉर्डनने उभं राहायचं आणि सांगायचं: उद्या हवा कशी, आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, कचरा सोबत न्यायचा, आणि डोंगराच्या दोन गोष्टी. "उद्या तू," अरोहा रोज म्हणायची. "उद्या," मी रोज म्हणायचे.

अशा आमच्या सुखात ती चौघं आली. खालच्या गाडीतळावरून जंगलाच्या वाटेने चढून. पुढे शिरीष, ऑकलंडमधल्या ईस्ट टामाकीच्या गोदामात रात्रपाळी करून थेट आलेला. मागे मंदार आणि केतकी, दोघंही आयटीतले, दोघांच्या नव्या कोऱ्या सॅका. आणि सगळ्यांत मागे, पण न थांबता, काकू. मी त्यांना मनात काकूच म्हणायला लागले. साडी, साडीखाली ट्रॅकपँट, वर मंदारचं जाड जाकीट, पायात बूट, आणि हातात तांब्याचा गडू.

पहिल्या पाच मिनिटांत बोलायला हवं होतं. 'नमस्कार, मी ऋजुता, हॅमिल्टनची' एवढंच. पण त्या पाच मिनिटांत मी "बूट बाहेर, प्लीज" म्हटलं, इंग्रजीत, आणि संधी गेली. पुढे दर मिनिटाला ते अवघडच होत गेलं. ते बिनधास्त बोलत होते. केतकी शिरीषला सांगत होती की सासूबाईंना इथे सहा महिने ठेवायचं मंदारने तिला न विचारता ठरवलं, मंदार म्हणत होता, "इथे हळू बोल." "कोण ऐकतंय?" केतकी म्हणाली. मी ऐकत होते. आता मराठी बोलले असते तर तिला काय वाटलं असतं!

मग सगळे पाय पसरून पडले आणि काकू बाहेर व्हरांड्यात आल्या. मी टाकीच्या नळाशी बादली भरत होते. त्या शेजारच्या पायरीवर बसल्या आणि सरळ मराठीत सुरू झाल्या.

"तुला कळत नाही, म्हणूनच सांगते हो पोरी. कळणाऱ्यांना सांगायची सोय नाही." त्या हसल्या. मीही हसले, हसायला भाषा लागत नाही. "सकाळी दोघं कामाला जातात. मग मी खिडकीशी. रस्त्यावर माणूस दिसत नाही गं. एक पोस्टवाला दिसतो, तो सायकलवरून हात करतो. सगळं छान आहे, गरम पाणी आहे, गवत कसं कापलेलं. पण हात जोडावे असं काही दिसेना. देऊळ आहे म्हणे, ते गाडीने, रविवारी, पार्किंग मिळालं तर." त्यांनी गडू पदराने पुसला. "विमानतळावर हळकुंडं काढून घेतली, सुपारी घेतली, तुळशीचं बी घेतलं. मी म्हटलं घ्या बाबांनो. हा तेवढा राहिला. मग मंद्याने सांगितलं, वर एक तळं आहे, इथल्या लोकांचं फार मोठं क्षेत्र आहे. तेव्हापासून डोक्यात बसलंय. एकदा ते पाणी डोक्यावरून घेतलं की मला वाटेल, मी या देशात येऊन गेले."

बादली भरून वाहायला लागली होती. काकूंनीच नळ बंद केला. कमरेच्या पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "खा. बारीक आहेस." मी "थँक्यू" म्हटलं, आणि तो लाडू खाताना मला जितकं परकं वाटलं तितकं अंडं हातात धरतानाही वाटलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मुगाची खिचडी केली. फोडणीत हिंग पडला आणि सगळी हट वळून बघायला लागली. एका कॅनेडियन जोडप्याने विचारलं, काय करताय? शिरीषने हिंगाची डबी त्यांच्या नाकाखाली धरली. बाई दोन पावलं मागे सरली आणि चौघंही खो खो हसले. उन्हाळ्यातल्या दिवसांना इथे नऊपर्यंत उजेड असतो. खिडक्यांतून पिवळं ऊन आडवं आत येत होतं, त्या उन्हात खिचडीची वाफ, आणि मी कोपऱ्यात माझी भाजणी भिजवायची सोडून नुसती वास घेत बसले होते.

अरोहा हट-टॉकला उभी राहिली. किआ ओरा, म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणाली, सगळ्यांनी किआ ओरा म्हटलं, काकूंनीही. हवा सकाळी स्वच्छ, दुपारी वारा. आग लागली तर हे दार. मग तळं. अरोहाने ते नेहमीसारखं सांगितलं: सेक्रेड आहे, तिथे खाऊ नका, पोहू नका, जरा हळू बोलत पुढे जा.

"काय म्हणतेय?" काकूंनी विचारलं.

मंदार ताटातली खिचडी ढवळत होता. "तेच गं. फार पवित्र तळं आहे म्हणतेय."

काकूंनी अरोहाकडे बघून हात जोडले. अरोहाने मान झुकवली. दोघी एकमेकींवर इतक्या प्रसन्न झाल्या की बघवेना.

"पण पोहू नका म्हणाली ना ती?" केतकी म्हणाली.

"पोहतंय कोण?" मंदार म्हणाला. "आईला पोहता तरी येतं का? एक बुडी मारायची, बाहेर यायचं. पोहणं वेगळं, स्नान वेगळं."

"आणि खायचं नाही म्हणाली."

"प्रसाद म्हणजे खाणं नव्हे," शिरीष म्हणाला. "चिमूटभर साखर."

"मंद्या, पाणी थंड असेल का रे?"

"बर्फ आहे आई."

"मग बरं. गंगोत्रीला होतं तसंच."

त्यांची चेष्टा नव्हती, आणि उद्दामपणाही नव्हता. उलट. आपल्याकडे एखादं पाणी पवित्र आहे असं कळलं की माणूस त्याच्याकडे धावतो. चपला काढतो, आत उतरतो, डोक्यावर घेतो, बाटलीत भरून शेजाऱ्यांसाठी नेतो. जितकं पवित्र तितकं जवळ. आणि अरोहाच्या लोकांत जितकं मोठं तितकं अंतर. काकू उद्या सकाळी ज्या भक्तीने त्या पाण्यात उतरणार होत्या, त्याच भक्तीने अरोहाच्या आज्या त्या पाण्यापासून दूर उभ्या राहिल्या होत्या. दोघींना एकमेकींचं वागणं दिसलं असतं तर दोघींना तो अपमान वाटला असता. आणि मध्ये मी, दोन्हीकडचं समजणारी, हातात कोरडं भाजणीचं पीठ घेऊन.

अरोहाला सांगणं सोपं होतं. ती सकाळी बाहेर येऊन शांतपणे 'नाही' म्हणाली असती. मंदारने सॉरी म्हटलं असतं. आणि काकूंच्या दृष्टीने तळंही त्या विमानतळासारखं झालं असतं: गणवेशातलं कुणीतरी येतं, न कळणाऱ्या भाषेत बोलतं, आणि हातातली गोष्ट काढून घेतं. अख्ख्या देशात त्यांना हात जोडावेसे वाटलेली एकच जागा, तीसुद्धा बंद. मला ते नको होतं. तळ्याचाही मान राहावा आणि काकूंचाही, असं काहीतरी हवं होतं. इंग्रजीत माझ्याकडे त्यासाठी पत्रकभर वाक्यं होती. मराठीत 'पवित्र' याच्यापुढे माझी गाडी जाईना, आणि 'पवित्र' म्हटलं की काकू पाण्यात.

आज लिहिताना मला याचं हसू येतं की माझ्या घरात अख्ख्या बालपणी जे चाललं होतं त्याला काही मोल आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी शाळेतून आल्या आल्या आई दारातूनच ओरडायची, तिकडे जाऊ नकोस, हात लावू नकोस. दोरीवर एका बाजूला वाळत घातलेलं ते रेशमी वस्त्र, गणपतीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबलेली मी, आतून पुरणाचा वास. कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणींना हे सांगायची मला लाज वाटायची. आपल्याच घरात आपल्याला लांब ठेवतात, हे इंग्रजीत कसं सांगायचं! पण उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मला कधी हाकलल्यासारखं वाटलं नव्हतं, हेही तितकंच खरं. आत काहीतरी चाललं आहे, ते जपलं पाहिजे, आणि न शिवणं हाच त्यातला माझा वाटा, एवढं मला न सांगता कळत होतं.

हे सगळं मला त्या रात्री सुचलं नाही. त्या रात्री मी झोपले, छान झोपले, डोंगरावर झोप चांगलीच लागते. सकाळी जाग आली ती रेडिओच्या खरखरीने. अरोहा तिच्या खोलीत हवामान लिहून घेत होती. बाहेर आभाळ धुतल्यासारखं. खालच्या सरोवरावर धुक्याची पातळ साय. वाफेचा खांब सरळ वर चाललेला, म्हणजे वारा नाही. गवतावरचं दव उजळत होतं. मी झाडू घेऊन व्हरांडा झाडायला लागले.

चौघं बाहेर आली. शिरीष बुटाची नाडी बांधत गुणगुणत होता. मंदारच्या सॅकला बाहेरून टॉवेल बांधला होता. केतकी सासूच्या जाकिटाची चेन वर ओढून देत होती, आणि सहा महिन्यांची तक्रार करणाऱ्या त्या मुलीने चेन लावून झाल्यावर काकूंचे कानही टोपीत नीट झाकले. काकूंनी आंघोळ केली नव्हती, हे त्यांनी मोठ्याने जाहीर केलं. आता तळ्यावरच. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्या आदल्या दिवशी एवढा डोंगर चढून आल्या आहेत असं वाटत नव्हतं.

"चल गं पोरी, येते," त्या माझ्यापाशी थांबून म्हणाल्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. बोटं गार होती, तांब्याचा वास येत होता. "तुझ्या नावाने पण एक बुडी मारते. काय नाव तुझं ते, रू."

शिरीष म्हणाला, "काकू, तिला काही कळत नाही हो."

"कळतं," काकू म्हणाल्या. "चेहऱ्यावरून कळतं."

त्या वळल्या. पायऱ्या उतरल्या. वाट हटच्या कोपऱ्यावरून वळते आणि लगेच चढाला लागते. तिथून पुढे हाक पोहोचत नाही. मला केतकीचा चेहरा दिसत होता, आता तो कसा बदलेल तेही दिसत होतं. मंदार पुढे झाला. काकू मागून, गडू छातीशी धरून. मी झाडू भिंतीला टेकवला. अनवाणीच त्या ओल्या गवतात उतरले.

"काकू," मी म्हणाले, "ते तळं सोवळ्यात आहे. आपण शिवायचं नाही, लांबूनच नमस्कार करायचा."